लोलिता स्कर्ट मागवायचाय, काठाला प्रिंट असलेला. माप, कापड, कॅनकॅन, कस्टम्स – नाशिकमधून सल्ला हवा

द्राक्षवेल

नमस्कार मंडळी. एका छोट्या स्वतंत्र लोलिता (फुगीर, बाहुलीसारख्या पोशाखाची जपानी फॅशन) ब्रँडची प्री-ऑर्डर सुरू आहे आणि त्यातला एक स्कर्ट घ्यायचा विचार पक्का होत आलाय. चित्र काढणारी, दुकान चालवणारी आणि ईमेलला उत्तर देणारी एकच व्यक्ती आहे, शिलाई बाहेरच्या छोट्या युनिटमध्ये होते. पिस्ता रंगाची जमीन, वर बारीक ठिपके आणि खाली काठाला पक्ष्यांचे पिंजरे व वेली. लोलितातल्या क्लासिक उपप्रकारात मोडेल.

तपशील असा: किंमत ९२ डॉलर, पाठवणी २४ डॉलर. ३० टक्के आत्ता, उरलेले पाठवण्याआधी. वाट बघायची ४ ते ६ महिने. तक्त्यात कंबर ६६–७६ सेंमी (मागच्या अर्ध्या भागात शिरिंग, म्हणजे लवचीक दोऱ्याच्या ओळींनी आकसलेलं कापड), उंची ५४, घेर २४०. कापडाचे दोन पर्याय आहेत, सुती सॅटिन किंवा पॉलिएस्टर ट्विल. ट्विल ८ डॉलरने स्वस्त. कंबर आणि उंची आपल्या मापाने हवी असेल तर १० डॉलर जादा.

माझी कंबर ७८ आणि तिथून गुडघ्याच्या मध्यापर्यंत ५७.

प्रश्न: (१) तयार साइज घेऊन इथल्या शिंप्याकडून कंबर सैल करून घेतली तर चालेल का? (२) सुती की पॉलिएस्टर? (३) स्कर्ट फुगवणारा आतला पेटीकोट (कॅनकॅन) बाहेरून मागवायचा की इथे शिवून घ्यायचा? (४) कस्टम्सचे किती धरायचे? (५) ब्रँड खरा आहे, चित्र चोरलेलं नाही, हे कसं तपासतात?

---

सुईदोरा

आधी एक विचारते. ७८ कुठे मोजलेत? सलवारची नाडी बांधतो तिथे असेल तर ते माप इथे उपयोगाचं नाही. लोलिता स्कर्ट खऱ्या कंबरेवर बसतो, बेंबीच्या वर, जिथे धड सर्वांत बारीक असतं. सरळ उभं राहून एका बाजूला वाका, जिथे घडी पडते ती कंबर. तिथे टेप लावा, पण उघड्या अंगावर नको. जो ब्लाउज आत खोचणार तो घाला, पेटीकोटचा नेफाही असू द्या. या दोन थरांनी दोन-तीन सेंमी सहज वाढतात. उंचीही मग तिथूनच मोजायची, आणि ती ५७ पेक्षा जास्त भरेल.

आता घेर आणि उंचीचं गणित, कारण फोटो बघून घेणारे इथेच फसतात. तक्त्यातली ५४ उंची ही स्कर्ट टेबलावर सपाट ठेवून मोजलेली असते. आत पेटीकोट आला की कापड तिरकं जातं आणि काठ वर उचलला जातो. घेर २४० म्हणजे पूर्ण फुगल्यावर काठाचा व्यास साधारण ७६, त्रिज्या ३८. कंबरेची त्रिज्या १२ च्या आसपास. म्हणजे कंबरेपासून काठापर्यंत कापड २६ सेंमी बाहेर जातं. ५४ च्या वर्गातून २६ चा वर्ग वजा करून वर्गमूळ काढा, ४७ येतात. सात सेंमी गेले. बेताचा फुगवला, समजा व्यास ६० वर ठेवला, तरी तीन सेंमी जातात. गोल टोपलीसारखा आकार देणारा पेटीकोट असेल तर याहून जास्त, कारण कापड आधी आडवं जाऊन मग खाली येतं.

गुडघ्याच्या वर पाच-सहा सेंमीपर्यंत लोलितात चालतं. त्याहून वर गेला की तो नुसता आखूड स्कर्ट दिसतो, मग प्रिंट कितीही सुंदर असो.

शिंप्याकडून कंबर वाढवण्याबद्दल: होते, पण वाटते तितकी सोपी नाही. स्कर्टच्या चुण्या सोडल्या की कापड भरपूर निघतं, अडचण पट्टीची येते. कंबरपट्टी मुळात मोजून कापलेली असते, तिला जोड द्यावा लागतो आणि त्या पिस्ता रंगाचं कापड कुठल्याच दुकानात मिळणार नाही. शिवाय शिरिंगचा भाग उसवला की लवचीक दोऱ्याच्या सगळ्या ओळी पुन्हा घालाव्या लागतात. बॉबिनमध्ये इलॅस्टिकचा दोरा हाताने, न ताणता भरायचा, वर साधा दोरा, टाका लांब, ओळी एक-सव्वा सेंमी अंतरावर. ब्लाउज-ड्रेस शिवणारे बरेच जण हे करत नाहीत, त्याऐवजी नेफा करून रुंद इलॅस्टिक घालतात. तो मागून वेगळाच दिसतो. एवढ्या खटाटोपापेक्षा १० डॉलर देऊन मापाने करून घेणं स्वस्त पडेल.

काहीही झालं तरी काठाच्या प्रिंटला खालून हात लावायचा नाही. उंची कमी करायची असो वा वाढवायची, सगळं कंबरेकडून. शिंप्याला आधीच बजावून ठेवा, कारण "खालून दुमडून देतो" हे त्यांच्या तोंडून सवयीनेच येतं.

शिरिंगच्या तक्त्यात "७६ पर्यंत" लिहिलंय ते पूर्ण ताणून. दिवसभर बसायचं-जेवायचं असेल तर त्यातले चार सेंमी सोडून द्या.

---

द्राक्षवेल

@सुईदोरा, बरोबर पकडलंत, नाडीच्या जागेवरच मोजलं होतं. वर मोजलं तर ब्लाउजसकट ७३ आणि तिथून गुडघ्याच्या मध्यापर्यंत ६१. मग तयार साइज बसेल ना आता?

---

सुईदोरा

कंबर बसेल, पण शिरिंग सतत जवळजवळ पूर्ण ताणलेलं राहील. तसं राहिलं की इलॅस्टिकचा दोरा लवकर मरतो आणि मागे चुण्यांऐवजी सपाट पट्टा दिसतो. चेनच्या टोकाशीही ताण येतो. आणि उंचीचं काय? ५४ मधून तीन ते सात गेले, उरले ४७ ते ५१. तुमचा गुडघा ६१ वर. दहा ते चौदा सेंमी वर. नाही चालणार.

मापाने सांगताना असं लिहा: अंगाची कंबर ७३, तयार कपडा न ताणता ७० आणि पूर्ण ताणून ८२, उंची ६०. "अंगाचं माप" आणि "तयार कपड्याचं माप" हे दोन्ही शब्द लिहाच. नुसतं "कंबर ७३" लिहिलं की शिवणारा त्यालाच तयार माप धरतो आणि वाद तिथेच सुरू होतो.

६० उंचीचा स्कर्ट फुगून ५४ ते ५७ वर येईल. उरलेल्यासाठी आत हकोबाचा परकर घाला, काठाखालून पाच सेंमी लेस दिसेल असा. लोलितात हे मुद्दामच करतात, ठिगळ वाटत नाही. २४० घेराच्या परकराला लेस चुण्या घालून लावायची तर दीडपट लागते, म्हणजे ३६० सेंमी. चार मीटर आणा. सुती लेस आधी भिजवून वाळवून मग लावा, नाहीतर पहिल्या धुण्यात आटते आणि परकराचा काठ गोळा होतो.

---

काठपदर

माप झालं, आता कापड आणि छपाई.

प्रिंट कोणत्या पद्धतीचा आहे हे ब्रँडला विचारा. पॉलिएस्टरवर बहुधा उष्णतेने रंग उतरवतात: कागदावर छापून तो कापडावर दाबतात आणि रंग वाफ होऊन धाग्यात शिरतो. रेषा बारीक येतात, धुण्यात रंग जात नाही. पण रंग एकाच बाजूला असतो, मागची बाजू जवळजवळ पांढरी. त्यामुळे दाट चुण्यांच्या खोबणीत आणि सुईच्या भोकांपाशी पांढरं डोकावतं. गडद जमिनीवर ते फार खुपतं, पिस्त्यावर खपून जाईल. सुती कापडावर रिॲक्टिव्ह छपाई असेल तर रंग धाग्याशी रासायनिकरीत्या बांधला जातो. हाताला मऊ, मागेही रंग उतरलेला. मात्र छपाईनंतर वाफ देऊन नीट धुतलेलं नसेल तर जादा रंग पहिल्या दोन-तीन पाण्यात निघतो. तिसरा प्रकार पिगमेंटचा. त्यात रंग कापडावर चिकटवलेला असतो, हाताला किंचित कडक लागतो आणि चुण्यांच्या कडांवर घासून उडतो. स्कर्टच्या आत कॅनकॅन घासत असताना हा प्रकार टाळलेलाच बरा.

तुमच्या जागी सुती सॅटिनच घ्यावं. नाशिकचा एप्रिल-मे पॉलिएस्टरमध्ये, आत दोन थर नेटचे आणि वर पूर्ण बाह्यांचा ब्लाउज, असा काढणं म्हणजे शिक्षा आहे. थंडीत कोरड्या हवेत पॉलिएस्टर आणि नायलॉनची नेट एकमेकांना घासून चिकटतात हेही आहेच. सुती कापड चुरगळतं आणि थोडं आटतं. म्हणून "कापण्याआधी कापड धुऊन घेता का" हा प्रश्न विचाराच. नाही म्हणाले तर ६० ऐवजी ६२ सांगा.

मागायचे फोटो: कॉम्प्युटरवर बनवलेलं स्कर्टचं चित्र नको, छापून आलेल्या नमुना कापडाचा फोटो हवा, शेजारी मोजपट्टी ठेवून. पिंजरा १२ सेंमीचा आहे की २२ चा, हे त्याशिवाय कळत नाही. चित्रात नाजूक दिसणारा काठ अंगावर पडद्यासारखा दिसू शकतो.

मग चित्राची पुनरावृत्ती. एक पूर्ण नक्षी ४० सेंमीची असेल तर २४० मध्ये बरोबर सहा बसतात आणि शिवणीवर पिंजरा अर्धा कापला जात नाही. ४५ ची असेल तर पाच पूर्ण आणि एक तुकडा. तो तुकडा कुठे येणार? मागे मध्यभागी येत असेल तर ठीक, बाजूला येणार असेल तर बोलून घ्या.

उंची ६० करताना वरची ठिपक्यांची जमीन वाढवावी लागते आणि ती कापडावर मावते का हेही बघावं लागतं. काठाचा प्रिंट साधारणतः कापडाच्या किनारीला समांतर छापतात. १४५ सेंमी पन्ह्याच्या कापडात दोन्ही किनारींना काठ घेतले तर एका तुकड्याच्या वाट्याला साडेबहात्तर येतात. ६० उंची, खालची दुमड आणि वरचा दाब मिळून ६६ च्या आसपास, म्हणजे मावतं. पन्हा ११० चा असेल तर ५५ वरच संपलं. म्हणून पन्हा विचारा. "मापाने करून देऊ" असं तत्परतेने म्हणणारे काही जण कंबरेखाली साध्या कापडाचा जोडपट्टा लावून मोकळे होतात.

चित्र चोरीचं आहे का: गूगल लेन्समध्ये पूर्ण स्कर्ट टाकू नका. एकेक पिंजरा, एकेक वेल कापून टाका. विकत मिळणारी तयार चित्रं तशीच सापडतात. तयार चित्रं रीतसर विकत घेऊन वापरणं हा गुन्हा नाही, पण मग "स्वतः काढलेलं" म्हणून जादा भाव देण्याचं कारण उरत नाही. लोलायब्ररी या सूचीमध्ये जुन्या-नव्या ब्रँडचे प्रिंट रंग आणि मापांसकट नोंदलेले असतात. 'पक्षी', 'पिंजरा' अशा विषयाने शोधा. एंजेलिक प्रिटी, बेबी द स्टार्स शाइन ब्राइट, मेटामॉरफोज, इनोसंट वर्ल्ड या जपानी ब्रँडच्या एखाद्या जुन्या प्रिंटची नक्कल असेल तर तिथे लगेच लक्षात येते. कलाकाराने कच्ची रेखाटनं, रंगाचे प्रयत्न टाकले आहेत का तेही बघा. यंत्राने (एआयने) बनवलेल्या चित्रात पिंजऱ्याच्या तारा मोजल्या की बऱ्याचदा पितळ उघडं पडतं. तारा मध्येच विरतात, कडी कशातच अडकलेली नसते.

आणि गिऱ्हाइकांनी टाकलेले, घातलेल्या कपड्याचे फोटो हवेत. मागच्या प्री-ऑर्डरचा माल लोकांपर्यंत पोचलाय की नाही, हे तिथेच दिसतं.

---

उंटवाडी_एक्सप्रेस

एवढा उपद्व्याप कशाला? फोटो मोठा करून सुरतला डिजिटल प्रिंट मारून आणा, मेन रोडवरून अस्तर-लेस घ्या, शिवून टाका. हजार-दीड हजारात काम.

---

काठपदर

@उंटवाडी_एक्सप्रेस, ते चित्र ज्या बाईने काढलंय तिचं पोट त्यावर चालतं. नक्कल केलेला प्रिंट घालून लोलिता मंडळींत गेलात तर पहिल्याच फोटोवर ओळखतात, आणि तिथे त्याला मान नाही. तांत्रिक बाजूनेही फोटो मोठा केला की रेषा फुटतात. वेबसाइटवरचं १५०० पिक्सेलचं चित्र २४० सेंमीवर ताणलं तर इंचाला सोळा पिक्सेलही येत नाहीत, छपाईला निदान दीडशे लागतात.

साधा एकरंगी स्कर्ट मात्र जरूर इथे शिवा. त्यात कुणाचं काही जात नाही, आणि घेर-उंचीचं वर सांगितलेलं गणित प्रत्यक्ष तपासता येतं. स्वस्त मांजरपाटाचा २४० घेराचा नमुना करून आरशात बघितला तरी पुरे.

---

जीपीओ_नाका

पैसे आणि पार्सल.

३० टक्के म्हणजे साधारण २८ डॉलर आधी जाणार. पेपॅलने देणार असाल तर पैसे "वस्तू आणि सेवा" याच प्रकारात जाताहेत ना ते बघा. "मित्र-नातेवाईक" म्हणून पाठवा असं विक्रेता सुचवत असेल तर तिथेच थांबा, त्यात खरेदीदाराला संरक्षण नसतं. आणि वस्तू आली नाही तर तक्रार करायची मुदत पैसे दिल्यापासून १८० दिवस असते. प्री-ऑर्डर चार ते सहा महिन्यांची, त्यात शिलाई चीनमध्ये होत असेल तर जानेवारी-फेब्रुवारीत चिनी नववर्ष आलं की तिकडचे कारखाने बंद. म्हणजे पहिल्या हप्त्याची मुदत स्कर्ट शिवून होण्याआधीच संपू शकते. दोन्ही हप्त्यांची मुदत स्वतंत्र धरली जाते. कॅलेंडरवर दोन्ही तारखा लिहा आणि पहिल्या तारखेच्या पंधरा दिवस आधी ब्रँडकडून शिलाईच्या टप्प्याचा फोटो मागा. टाळाटाळ दिसली तर तक्रार तेव्हाच करायची, "अजून थोडं थांबते" म्हणत मुदत घालवायची नाही.

कार्डावर परदेशी ऑनलाइन व्यवहार चालू आहेत का बघा. २०२० पासून नव्या कार्डांवर ते मुळात बंदच येतात, बँकेच्या ॲपमधून चालू करावे लागतात. रुपयांत दाखवलेली रक्कम आणि डॉलरमधली रक्कम असे दोन पर्याय आले तर डॉलर निवडून बघा, कारण रुपयांत बदलून देणाऱ्याचा भाव बहुतेक वेळा महाग असतो. बँक वर दोन ते साडेतीन टक्के लावते, ते धराच.

कस्टम्स: आकारणी नुसत्या स्कर्टच्या किमतीवर होत नाही, पाठवणी आणि विमा धरून होते. तुमचं ९२ अधिक १० अधिक २४ म्हणजे १२६ डॉलर. दर अर्थसंकल्पात हलू शकतो, त्यामुळे कुणीतरी दोन वर्षांपूर्वी लिहिलेला आकडा धरून बसू नका. मागवण्याच्या आठवड्यात त्या दिवशीचा दर बघा. हिशोब करताना १२६ च्या निम्मे बाजूला काढून ठेवा, उरले तर चांगलंच. तेवढे निघणार नसतील तर आत्ता मागवू नका.

विक्रेतीला कळवायच्या गोष्टी:

– पार्सलवर नाव आधारवर आहे तसं पूर्ण. दुकानातलं टोपणनाव नको. कुरिअरवाले ओळखपत्र मागतात आणि नाव जुळलं नाही की पार्सल मुंबईतच अडकतं.
– वर्णन नीट: स्त्रियांचा सुती स्कर्ट, मागावरच्या (विणीच्या नव्हे) कापडाचा, नग एक. शुल्क-वर्गाचा क्रमांक सुतीसाठी ६२०४ ५२, कृत्रिम धाग्यासाठी ६२०४ ५३.
– किंमत खरी. कमी लिहायला सांगू नका. अधिकारी वेबसाइटवर किंमत बघू शकतात, आणि पार्सल हरवलं तर भरपाई लिहिलेल्या किमतीचीच मिळते.
– "भेटवस्तू" तर अजिबात लिहू नये. डिसेंबर २०१९ पासून टपाल-कुरिअरने भेट म्हणून माल सोडवायला बंदी आहे, सवलत फक्त राख्या आणि जीवरक्षक औषधांना.

टपालाने आलं तर पार्सल मुंबईच्या फॉरेन पोस्ट ऑफिसमधून सुटून नाशिकला येतं आणि शुल्क पोस्टमनकडे किंवा पोस्टात भरायचं. घरी दिवसभर कुणी नसेल तर पोस्टात जाऊन सोडवून घेणं सोपं, ओळखपत्र न्या. कुरिअर वेगाने येतं, पण शुल्क आधी स्वतः भरल्याचा आकार वेगळा लावतात. "पत्ता अपुरा आहे, लिंकवर पंचवीस रुपये भरा" असे एसएमएस पार्सलची वाट बघणाऱ्यांनाच नेमके गाठतात. लिंक दाबू नका, ट्रॅकिंग क्रमांक टपाल खात्याच्या किंवा कुरिअरच्या वेबसाइटवर स्वतः टाकून बघा.

ब्रँड स्वतःच्या दुकानातून विकतोय हे बरं आहे. फक्त ताओबाओ या चिनी खरेदी-संकेतस्थळावर असता तर मध्ये एजंट धरावा लागला असता, त्यांचं ॲप इथे २०२० पासून बंद आहे.

---

घागरावाली

पेटीकोट इथेच. बाहेरून मागवला तर हवेचं भाडं भरल्यासारखं होतं. वजन कमी असलं तरी आकारमानाने पैसे घेतात, आणि दाबून पाठवला की चेपलेला येतो.

तयार घागऱ्याचा कॅनकॅन कापून आखूड करू नका. त्याचा फुगारा खालच्या भागात, पोटऱ्यांपाशी असतो. तो भाग कापला की उरतो तो सपाट तुकडा. नवाच शिवायचा. मेन रोड, रविवार कारंजाच्या बाजूला कापडवाल्यांकडे कॅनकॅनची कडक नेट मीटरवर मागा. शिंप्याला "घागऱ्याचा कॅनकॅन, पण गुडघ्याच्या वर संपणारा, दोन टप्प्यांचा" असं सांगितलं की चित्र डोळ्यांपुढे येतं. 'लोलिता पेटीकोट' म्हणालात तर साडीचा परकर हातात पडेल.

६० च्या स्कर्टला पेटीकोट ५४ चा. मापं:

वर सुती पॉपलिनचा सपाट भाग, तयार उंची २४, घेर नितंबांच्या मापापेक्षा ८–१० सेंमी जास्त, कमरेला नेफा आणि इलॅस्टिक. हा भाग नेटचा केला की कंबरच जाड दिसते, म्हणून तिथे नेट नको. त्याखाली नेटचा पहिला टप्पा १६ सेंमी उंच, ३ मीटर लांब. त्याखाली दुसरा १६ सेंमी उंच, ६ मीटर. हे सगळं दोन थरांत. जोडताना एकेक सेंमी एकमेकांवर चढतो म्हणून बेरीज ५६ ऐवजी ५४ येते.

नेट किती? पहिला टप्पा दोन थरांचा ६ मीटर, दुसरा १२, एकूण १८ मीटर पट्टी. मीटरभर पन्ह्याची नेट असेल तर ३ मीटर कापडातून लांबीत १६ सेंमीच्या सहा पट्ट्या निघतात, बरोबर १८ मीटर. दुकानदार आठ-दहा मीटर गळ्यात मारतात, तेवढी लागत नाही.

६ मीटर नेटच्या चुण्या साध्या टाक्याने ओढायला गेलात तर दोरा तुटतो. नेटवर जाड नायलॉनचा दोरा ठेवून त्यावरून झिगझॅग टाका घाला, दोरा टाक्यात न अडकवता, आणि मग तो ओढा. ६ मीटरचे आधी आठ सारखे भाग करून खुणा करा, ३ मीटरवरही आठ खुणा, खूण खुणेला लावत जोडा. नाहीतर एका बाजूला फुगा आणि दुसरीकडे पोकळ.

कडक नेटची कापलेली कड मांड्यांना ओरखडे काढते आणि मोज्यांचे धागे ओढते. तळाला साटीनची रिबन दुमडून लावा, सहा-सहा मीटर दोन्ही थरांना. आतून पॉपलिनचा साधा परकर आणि बाहेरून मऊ नेटचा किंवा ऑर्गंझाचा एक थर द्या. बाहेरचा थर स्कर्टसाठी आहे, नेट थेट घासली तर छापील कापड आतून झिजतं.

इलॅस्टिक स्कर्टच्या कंबरेच्या दोन-तीन सेंमी खाली बसेल इतकं सैल ठेवा. दोन पट्ट्या एकावर एक आल्या की शिरिंगचा अर्धा उपयोग तिथेच संपतो.

---

द्राक्षवेल

खूप मदत झाली. सुती सॅटिन, मापाने, ६० उंची (किंवा ६२) असं ठरवते, आणि नमुना कापडाचा फोटो आणि पन्हा विचारून मगच पैसे भरते. मॅचिंग ब्लाउजचं कापड आत्ताच घेऊन ठेवू का? कॉलेज रोडला सेल लागलाय. आणि आल्यावर धुवायचा कसा?

---

सुईदोरा

ब्लाउजचं कापड आत्ता नको. स्क्रीनवरचा पिस्ता आणि कापडावरचा पिस्ता यांची कधीच गाठ पडत नाही, छपाईत तो पिवळ्याकडे किंवा निळ्याकडे सरकतोच. घ्यायचंच तर हस्तिदंती घ्या, पिस्ता जमिनीशी ते कसंही जुळेल. शुभ्र पांढरं टाळा, शेजारी प्रिंट मळका दिसतो.

---

काठपदर

आल्या आल्या पार्सल उघडतानाचा व्हिडिओ घ्या आणि धुण्याआधी सगळी मापं टेपने तपासा. एकदा पाणी लागलं की बदलून मिळत नाही. तक्त्यापेक्षा एक-दोन सेंमी इकडेतिकडे असणं शिलाईत गृहीत असतं, त्यावर भांडू नका. चार असेल तर फोटोसकट लगेच कळवा.

मग आतल्या दाबाच्या कापडावर ओला पांढरा रुमाल दाबून घासा. रंग लागला तर पहिली दोन धुणी एकटीच, गार पाण्यात, भिजत न ठेवता. उलटा करून सावलीत वाळत टाका, कंबरपट्टीला चिमटे लावून. काठाला चिमटे लावले तर डाग राहतात आणि घेर ओढला जातो. इस्त्री उलट बाजूने. पॉलिएस्टर घेतला असता तर इस्त्री मंद आणि मध्ये कापड, कारण उष्णतेने उतरवलेला रंग उष्णतेनेच परत निघतो आणि इस्त्रीच्या टेबलावर पिंजरे उमटतात.

पावसाळ्यात कपाटात प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करू नका, जुनी सुती चादर गुंडाळा. कॅनकॅन घडी न घालता आतला भाग बाहेर काढून टांगा. नेटची खळ पाण्याने जाते, त्यामुळे तो धुवायचा तो अगदीच मळल्यावर.

---

घागरावाली

@द्राक्षवेल, लेस मात्र सेलमधून आत्ता घ्यायला हरकत नाही. सुती, पाच-सहा सेंमी रुंद, चार मीटर एकाच गुंडाळीतली. दोन तुकडे जोडून देत असेल तर नको म्हणा, जोडावर नक्षी जुळत नाही.

---